मागचा सेन्सर आणि आसगावचे रविवार

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना अड्याळ मागे पडलं की गाडीच्या पडद्यावर एक पिवळा त्रिकोण उगवायचा. सोबत टण्ण करून घंटा आणि खाली इंग्रजीत एक वाक्य. मागचे सेन्सर बंद आहेत, बंपर स्वच्छ करा. भंडाऱ्यातून निघताना नाही, घरच्या गल्लीत नाही, शाळेच्या आवारात नाही. तिथे गाडी एकदम गुणी, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरीसारखी. अड्याळ ओलांडलं की हिचं थोबाड उघडलंच म्हणून समजा.

मग मी गाडी कडेला घ्यायची, डिकीतलं ओलं फडकं काढायचं, बंपर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचा, गाडी बंद करून पुन्हा चालू करायची. त्रिकोण गेलेला असायचा. मी म्हणायची, चला, धूळच होती. पवनीच्या अलीकडे पुन्हा टण्ण. त्या दोन-अडीच महिन्यांत मी तो बंपर जितका पुसला तितका घरचा देव्हारा पुसला नसेल. रस्त्यानं जाणारे लोक बघायचे. एकदा तर ओळखीच्या एका बाईनं दुचाकी थांबवून विचारलं, मॅडम, काही अपघात झाला का? मी म्हटलं, व्हायचा आहे, तुम्ही पुढे जा.

हसण्यासारखं आहे हे आता मलाही कळतं. तेव्हा तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मानेचं ऑपरेशन झालं. दोन मणके प्लेट आणि स्क्रू घालून एकमेकांना जोडून टाकले. तेव्हापासून मान थोडी वर-खाली होते, बाजूला वळत नाही म्हणजे नाही. कोणी मागून हाक मारली तर मी अख्खीच्या अख्खी वळते, कपाट फिरवावं तशी. मी शाळेत विज्ञान शिकवते. मॅडमला आता मागचं दिसत नाही, ही बातमी आठवीच्या वर्गाला माझ्याआधी लागली होती. असो, ते वेगळं दुःख आहे.

मान वळत नसली तर गाडी चालवताना काय होतं, ते ज्याची वळते त्याला कळणार नाही. आरशात दिसतं त्याच्या पलीकडे एक पट्टा असतो. तिथे आलेला ट्रक आरशात दिसत नाही, मान वळवली तरच दिसतो. आणि आमच्या पवनी रोडवर रेतीचे टिप्पर कसे चालतात ते कोणाला नव्यानं सांगायला नको. म्हणून जुनी गाडी विकून ही घेतली. हिच्या मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत, एक-एक रडार बसवलेलं आहे. मागून त्या पट्ट्यात कोणी आलं की त्या बाजूच्या आरशात नारिंगी दिवा लागतो. गाडी मागे घेताना बाजूनं काही येत असलं तर टीं टीं वाजतं. मागे कॅमेरा आहे, पण तो नाकासमोर बघणारा, बाजूचं त्याला काही कळत नाही. बाजूचं रडारनंच बघायचं.

नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. कधी शिकलाच नाही. पण गाडी घेतानाची अट त्यानंच घातली. सेन्सर चालू आहे तोवर गाडी तुझी, ज्या दिवशी सेन्सर बंद पडला त्या दिवशी चावी माझ्याकडे. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. नवी कोरी गाडी, सेन्सर कशाला बंद पडतो.

आणि चावी गेली असती तर माझे रविवार गेले असते. माझे बाबा आसगावला एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी एकुलती एक. भंडाऱ्याला चला म्हटलं की विचारतात, तिथं येऊन काय करू, भिंती मोजू? धानाची थोडी बांधी आहे, ती दुसऱ्याला करायला दिलेली, तरी सकाळी जाऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ऐंशीला टेकले आहेत. एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं सोयीचं तेवढंच. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मी दर रविवारी जाऊन सात खणांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरून देते, मागच्या आठवड्याच्या मोजते, साखर तपासते, त्यांच्यासोबत जेवते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने मला जाता आलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत बाबांनी अंदाजानं गोळ्या घेतल्या. बरं वाटलं की गोळी वाचवायची, नाही वाटलं की दोन घ्यायच्या. शेवटी गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर चक्कर येऊन पडले. पाण्याच्या बाजूला पडले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते. एसटीनं जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली आहे, धक्क्यांमुळे. म्हणजे गाडी आहे तर रविवार आहे, आणि रविवार आहे तर बाबांच्या गोळ्या नीट आहेत. इतका सरळ हिशेब होता.

बाबांबद्दल अजून दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे त्यांची सायकल. चालवणं सोडून दहा वर्षं झाली, पण सायकल सुटली नाही. हातात धरून चालतात. काठी धरायची लाज वाटते, सायकल धरायची वाटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रेडियम. घरात जे जे काही रस्त्यावर जाऊ शकतं त्याला बाबांनी ती चमकणारी पट्टी लावलेली आहे. सायकलच्या मडगार्डला, छत्रीच्या मुठीला, टॉर्चला. बैल होते तेव्हा बैलांच्या शिंगांना. एकदा त्यांनी स्वतःच्या चपलांना टाचेकडून लावली होती, ती मी भांडून काढायला लावली.

याची सुरुवात मोठेबाबांपासून झाली. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. धानानं भरलेली बैलबंडी घेऊन ते राइस मिलकडे निघाले होते. तिन्हीसांजेची वेळ. मागून ट्रक आला आणि बंडीवर चढला. मोठेबाबा वाचले नाहीत. ट्रकवाला पळून गेला नाही, तिथेच रस्त्यावर बसून राहिला आणि येईल त्याला एकच सांगत राहिला, दिसलंच नाही, दिसलंच नाही. बाबांनी ते ऐकलं. त्यानंतर आमच्या घरात जे आलं त्याला पट्टी लागली. धान निघायच्या दिवसांत बाबा गावातल्या दुसऱ्यांच्या बंड्यांना आणि ट्रॉल्यांनाही लावून देत, कोणी नको म्हटलं तरी. रेडियमवाले बुढेबाबा म्हणून लोक हसायचे, पण लावून घ्यायचे.

मग दसऱ्याला माझी नवी गाडी सुटणार होती का? नाहीच. आमच्याकडे दसऱ्याला वाहन धुऊन पुजतात. बाबांनी अंगणात गाडी धुतली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मी आत पुरणाचं बघत होते. बाहेर येऊन पाहते तर मागच्या बंपरवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल-पांढरी पट्टी, सुतानं मारल्यासारखी सरळ. बाबा रेडियमचा गुंडा हातात घेऊन मागे सरकून स्वतःचं काम बघत होते. मी हसले आणि पानं वाढायला गेले.

त्रिकोण त्यानंतर काही दिवसांनी उगवायला लागला. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता, आसगावच्या आतल्या रस्त्यावर चिखल होता, त्यानंतर धान कापणी सुरू झाली आणि धूळ. मला वाटलं चिखलच असणार. बंपरच्या आत जाऊन वाळला असणार. मी मोरीतला ब्रश घेतला, पाइप लावला, खालून पाणी मारलं. मान फार वाकत नाही म्हणून जमिनीवर पोतं टाकून त्यावर आडवी झाले. शेजारीण गच्चीवरून बघत होती. तिला मी सांगितलं, व्यायाम करून राहिली आहे.

पण नुसता त्रिकोण असता तरी चाललं असतं. आरशातला दिवा लागणंच बंद झालं होतं. एका रविवारी पवनीजवळ एक टिप्पर असा माझ्या उजव्या कानाला लागून गेला की गाडी हलली. आरसा कोरडा ठाक. दिवा नाही, घंटा नाही, काही नाही. मी पुढे एका शेताजवळ थांबून पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसले.  घरी येऊन नवऱ्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला कळलं, कारण मी गुपचूप कंपनीच्या नागपूरच्या वर्कशॉपला फोन केला होता, त्यांचा परत फोन आला आणि तो त्यानंच उचलला. झालं. त्यानं हात पुढे केला आणि चावी मागितली. मी म्हटलं, दुरुस्तीला तर नेऊ दे, गाडी काय चालत जाईल नागपूरला? तेव्हा तो सोबत यायला तयार झाला. हायवेनं मी चाळीसच्या वर गेले नाही आणि नवरा बाजूच्या सीटवर उलटा, मागच्या काचेकडे तोंड करून गुडघ्यांवर बसून सांगत होता. ट्रक येऊन राहिला. अजून येऊन राहिला. बाजूला आला. गेला. कार आली. गेली. दोन गायी आल्या. मी म्हटलं गायी कशाला सांगतो? तो म्हणाला, तुझं मशीन काही सांगत नाही, मी सगळं सांगतो. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. माणसाची काळजी असली तरी ती इतकी बोलकी असायला नको.

वर्कशॉपचा सुपरवायझर शांत माणूस होता, आणि त्या शांतपणाचाच मला राग यायचा. गाडी त्यांच्या दारात गेली की शहाणी. त्रिकोण नाही की घंटा नाही. त्यांनी मशीन जोडलं, मशीन म्हणालं काही बिघाड नाही. मी म्हटलं, अड्याळपर्यंत चला माझ्यासोबत. ते हसले. मग बंपर खोलला, आतून वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे काढले, वायरींचे सॉकेट साफ केले, पुन्हा बसवला. आता एकदम ओके, मॅडम. रविवारी अड्याळला टण्ण.

दुसऱ्यांदा नेली तेव्हा त्यांनी उजवीकडचं रडारच बदललं. पुन्हा आवारात फिरवून पाहिली. मी विचारलं, आवारात काय कळतं, आवारात टिप्पर आहे का? तर म्हणाले, मशीननं पास केलं आहे. त्यांना मी फोनवर आधीच सांगितलं होतं की गाडीचं पुस्तक मी वाचलं आहे. खरंच वाचलं होतं, ते जाडजूड इंग्रजी पुस्तक, चष्मा लावून. त्यात लिहिलं होतं की बंपरवर चिखल, बर्फ किंवा स्टिकर असू नये. बर्फ! भंडाऱ्यात! मी त्या ओळीवर मनसोक्त हसले आणि स्टिकर शब्दावरून पुढे गेले. सुपरवायझरनंही विचारलं होतं, मॅडम, मागे स्टिकर वगैरे नाही ना? मी म्हटलं, छे हो, मी काय कॉलेजात आहे? आणि मला खोटं बोलल्यासारखं जराही वाटलं नाही. स्टिकर म्हणजे देवाचं नाव, वाघाचं तोंड, पोरांची नावं. रेडियम म्हणजे रेडियम. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक ट्रॉलीमागे, प्रत्येक बंडीमागे ते असतं, दिव्याइतकंच. ते वरून लावलेलं काही आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बंपर खोलणाऱ्यांच्याही नाही. त्यांनी गाडी परत दिली तेव्हा ती पट्टी फडक्यानं पुसून लखलखीत करून दिली होती.

नवऱ्यानं तोवर ठरवून टाकलं होतं. आणखी एक रविवार, त्यानंतर जर ते पिवळं दिसलं तर गाडी विकायची आणि बाबांना भंडाऱ्याला आणायचं, त्यांना आवडो न आवडो. मी भांडले. पण आतून मला माहीत होतं की तो चुकीचं बोलत नाही. टिप्परची गोष्ट मी त्याला अजून सांगितली नव्हती.

त्या रविवारी अड्याळ गेलं, टण्ण झालं नाही. पवनी आली, तरी नाही. मी तर गाणंच म्हणायला लागले. नवं रडार पावलं म्हणायचं. आरशातला दिवा लागला का, तर रस्त्याला त्या दिवशी फारसं कोणी नव्हतंच. मला काय, मला त्रिकोण नको होता, आणि त्रिकोण नव्हता. आसगावला पोचले, साखर तपासली, गोळ्या भरल्या, जेवलो. बाबांना आनंदानं सांगितलं की सेन्सर दुरुस्त झाला. त्यांनी मान हलवली. त्यांना त्यातलं इतकंच माहीत होतं की गाडीला मागून डोळे आहेत.

चारच्या सुमारास निघाले. अंगणातून गाडी मागे घेऊन रस्त्याला लावावी लागते. उजव्या हाताला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग आहे, त्यामागचं काही दिसत नाही. बाबा आत आहेत असं मला वाटत होतं. मी रिव्हर्स टाकला, कॅमेऱ्यात मोकळं अंगण होतं, रडार गप्प होतं, म्हणजे बाजूनं कोणी नाही. मी मागे घेतली. कॅमेऱ्यात एकदम सायकलचं चाक आलं आणि त्यामागे पांढरं धोतर. मी ब्रेकवर उभीच राहिले. तरी काडकन आवाज झाला.

दार उघडून कशी धावले आठवत नाही. सायकल आडवी पडली होती, पुढचं चाक वाकलं होतं. बाबा तिच्याशेजारी उभे होते, हात हवेत तसेच, सायकल धरल्यासारखे. लागलं नव्हतं. एक वीत. फार तर एक वीत उरली होती. माझ्यासाठी भाजीची पिशवी हँडलला अडकवून ते मागच्या वाडीतून घाईनं येत होते, मी निघून जाईन म्हणून. वांगी अंगणभर झाली होती.

मी बाबांवरच ओरडले. काहून आले मधात, दिसत नाही का, ऐकू येत नाही का. ज्या माणसाला मी चेंदून टाकणार होते त्यालाच मी बोल लावत होते. ते वांगी वेचायला वाकले. मी त्यांना धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, पाणी दिलं. 

बाहेर आले तर सायकलच्या ब्रेकच्या दांड्यानं बंपरच्या उजव्या कोपऱ्यावरचं रेडियम उचकटलं होतं आणि तुकडा लोंबत होता. माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी तो ओढून काढला, कोपऱ्यावरचं सगळं ओरबाडून काढलं, नखं मोडेपर्यंत, आणि मागच्या सीटवर फेकलं. मग आत जाऊन बाबांना सांगितलं की येते. पुढच्या रविवारी येते असं नेहमी म्हणते, ते म्हटलं नाही. कारण मी ठरवलं होतं. चावी आज मीच नवऱ्याच्या हातावर ठेवणार. त्यानं मागायची गरज नाही.

आसगाव सोडून थोडीच पुढे गेले असेन. डोळे भरत होते, पुसत होते. उजव्या आरशात नारिंगी दिवा लागला. मी पाहत राहिले. दिवा लागला आहे याचा अर्थच माझ्या ध्यानात येईना. आणि बाजूनं टिप्पर गेला. दिवा विझला. मग एक जीप आली, पुन्हा दिवा, जीप गेली, विझला. मला वाटलं, आता लागतो का मेल्या, आता? मग डावीकडून एक मोटरसायकलवाला घुसून पुढे गेला, आणि डावा आरसा मख्ख. दुसरा मोटरसायकलवाला गेला. मख्ख.

मी गाडी थांबवली. उतरून मागे गेले. उजवा कोपरा उघडा. डावा कोपरा लाल-पांढरा. मागच्या सीटवरचा तुकडा उचलून उलटा केला. पाठीवर चंदेरी थर होता, मिठाईवरच्या वर्खासारखा. धातू. रडार म्हणजे रेडिओ तरंग, आणि तरंग धातूवर आदळले की परत फिरतात, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिते, खाली रेघ मारते आणि पोरांना पाठ करायला लावते. उजवं नवं रडार आणि डावं जुनं रडार, दोघंही इतके दिवस त्या वर्खामागे आंधळे बसले होते, आणि मी दर रविवारी तो वर्ख पुसून त्यांचं आंधळेपण चकचकीत ठेवत होते. त्या दिवशी त्रिकोण का आला नाही ते मला आजही माहीत नाही. आला असता तर मी मागे घेताना रडारवर भरवसा ठेवला नसता.

मला वाटलं होतं आनंद होईल. आला तो नुसता संताप. आधी वर्कशॉपचा, मग माझा, मग बाबांचा. आणि बाबांचा आल्याबरोबर तो उतरलाच. कारण आता त्यांना सांगायचं कसं? डावीकडची पट्टी इथेच, रस्त्यावर, काढून टाकता आली असती. पण पुढच्या रविवारी ते बंपर बघणार, सगळ्यात आधी तेच बघतात, आणि घरात तयारच असलेला रेडियमचा नवा गुंडा घेऊन येणार. मी गाडी वळवली. मान न वळणाऱ्या बाईला गाडी वळवायला किती वेळ लागतो ते सांगत नाही.

बाबा अंगणात उकिडवे बसून सायकलचं चाक गुडघ्यात धरून सरळ करत होते. मला बघून उठले, काही राहिलं का विचारलं. मी त्यांना मागे नेलं, दोन्ही कोपरे दाखवले, तुकड्याची चंदेरी पाठ दाखवली. शाळेत सांगते तसं सांगितलं, सावकाश, ऐकू येणाऱ्या कानाशी. गाडीचे डोळे कुठे आहेत, ते कसे बघतात, पट्टीनं ते कसे झाकले गेले. इतके दिवस कसे झाकलेले होते तेही सांगितलं, कारण अर्धं सांगून उपयोग नव्हता.

बाबांनी डाव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "मले वाटलं, तू लोकायले दिसली पायजे. तुले लोक दिसले पायजे, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

 ते आत गेले, बाटलीतलं थोडं रॉकेल आणि चिंधी घेऊन आले. मी काढते म्हटलं तर हात बाजूला केला. उरलेली सगळी पट्टी त्यांनी स्वतः काढली, मधलीसुद्धा, एका टोकाकडून हळूहळू, न तोडता. डिंक राहिला होता तो रॉकेलनं पुसला. ती लांब पट्टी गुंडाळून त्यांनी कोनाड्यात ठेवली. टाकून दिली नाही. मग त्यांनी मला गाडीत बसायला सांगितलं आणि वाकड्या चाकाची सायकल हातात घेतली. काय करणार आहेत ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी नाही म्हणत होते, पण ते गेलेसुद्धा.

मी गाडी जागची न हलवता, ब्रेक दाबून रिव्हर्स टाकला. तणसाच्या ढिगामागून बाबा निघाले, सायकल खरडत, गाडीपासून चांगलं लांब राहून. टीं टीं टीं वाजलं. ते त्या बाजूला गेले, सायकल वळवली आणि डावीकडून परत आले. टीं टीं टीं. मग सायकल ढिगाला टेकवून ते माझ्या खिडकीशी आले आणि वाकले.

"दिसलो का?" त्यांनी विचारलं.

"दिसले, बाबा," मी म्हटलं. "दोन्हीकडून दिसले."